धुऱ्यावरचा थांबा

“अकोट मार्गे हिवरखेड गाडी फलाट तीनवर लागून राहिली. हिवरखेडवाल्यायनं धावू नये. गाडी तुमच्यासाठीच लागली, तुमाले सोडून कुठी जाते? ज्या मावशीनं चौकशीच्या खिडकीत वांग्याची थैली ठेवली, तिनं लवकर घेऊन जावी. वांगे कवळे आहेत, माहा काही भरोसा नाही.”

अंजनगाव सुर्जीच्या बसस्थानकावर काही वर्षे अशा घोषणा ऐकू येत. आवाज लतीफभाईंचा असे. घोषणेत तीन गोष्टी सांगायच्या असतात: गाडी कुठे जाणार, कोणत्या मार्गाने, कोणत्या फलाटावरून. लतीफभाई त्या तिन्ही बिनचूक सांगत आणि माईक खाली न ठेवता आणखी चार सांगत. परीक्षेच्या दिवसांत मुलांना पेन घेतले का विचारत. लग्नसराईत वऱ्हाडी चुकीच्या गाडीत चढले तर त्यांना गावाच्या नावानिशी खाली उतरवत. कोणीतरी वर तक्रार केली. चौकशीला एक साहेब आले, खिडकीशी उभे राहून तासभर घोषणा ऐकत राहिले आणि त्यांची परतीची गाडी निघून गेली. त्या गाडीची घोषणा दोनदा झाली होती. साहेबांनी अहवालात काय लिहिले ते कळले नाही. घोषणा पूर्वीसारख्याच चालू राहिल्या.

लतीफभाई मूळचे अचलपूरचे. उंची बेताची, खांदे रुंद, डोळ्यांवर काळा गॉगल, खांद्यावर पांढरा दुपट्टा आणि हातात वीतभर लांबीची लोखंडी सळई. सळई टायर ठोकून पाहण्यासाठी. घोषणा करणाऱ्या माणसाला टायरशी कर्तव्य नसते. पण फलाटावर गाडी लागली की लतीफभाई खोलीतून बाहेर येत, सहाही टायर ठोकत, कान देऊन ऐकत आणि ड्रायव्हरला सांगत, “मागचा डावा आतला बोलून राहिला. पाहून घे.” तरुण ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत आणि पाहून घेत. एकवीस वर्षे ते स्वतः ड्रायव्हर होते. उजवा डोळा गेल्यावर त्यांना गाडीवरून उतरवून माईकसमोर बसवण्यात आले.

गेलेल्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा होता. त्याला ते स्टेपनी म्हणत. “चालत नाही, पण असलेली बरी,” असे त्यांचे म्हणणे. कोणी फार वाद घालू लागले की ते गॉगल काढून नुसते पाहत. समोरच्याला कोणत्या डोळ्याकडे बघावे ते कळत नसे आणि वाद तिथे संपत असे.

माझी त्यांची ओळख कामातून झाली. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. ती वर्षे कशी होती ते वऱ्हाडात सांगावे लागत नाही. बातमीसाठी शेतकऱ्यांच्या ज्या घरांत जावे लागे तिथे बोलण्याच्या स्थितीत सहसा कोणी नसे. परतीची गाडी अंजनगावहून असे, आणि गाडीला वेळ असला की लतीफभाई खिडकीतून हाक मारत. “पेपरवाले, या. आज तोंड काहून असं? चहा घ्या. गाडी मी सांगतल्याशिवाय सुटत नाही.” ते खरे नव्हते, पण ऐकायला बरे वाटे.

डोळा कसा गेला, हे सर्वांना माहीत होते. तो भाग जाहीर होता.

कापसाच्या भावासाठी त्या हंगामात ठिकठिकाणी रास्ता रोको झाले. अंजनगावहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातही झाला. गावाचे नाव देत नाही. तिथल्या लोकांना ते माहीत आहे आणि बाकीच्यांचे त्यावाचून काही अडत नाही. गावाचा अधिकृत थांबा ओलांडून दोन किलोमीटर पुढे, रस्त्याच्या कडेला बाभळीची सावली आहे. दोनेकशे लोक तिथे बसले होते. सकाळी नऊच्या सुमारास लतीफभाईंची गाडी आली. दगड आले. एक समोरच्या काचेतून थेट आत आला. लतीफभाईंनी गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि चेहऱ्यावर दुपट्टा दाबून प्रवाशांना खाली उतरवले. एक बाई तेलाचा डबा सोडायला तयार नव्हती, तिला डब्यासकट उतरवले. गाडी रिकामी झाली आहे ना, हे त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन पाहिले, आणि मग ते पायरीवर कोसळले. गाडी त्यानंतर जळाली.

त्यांना उचलून जीपमध्ये घातले ते वामनराव नावाच्या शेतकऱ्याने. बाभळीमागचे शेत त्यांचेच. दोन एकर कापूस आणि थोडा पानमळा. वामनराव त्यांचे डोके मांडीवर घेऊन अंजनगावपर्यंत आणि तिथून अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत गेले, दोन दिवस तिथेच राहिले. त्याच संध्याकाळी पोलिस गावात आले. जे पळाले होते ते सापडले नाहीत. जे घरी जेवायला बसले होते ते सापडले. असे अकरा जण आरोपी झाले. आरोपी क्रमांक चार नारायणराव, वामनरावांचे थोरले भाऊ. शेतकऱ्यांच्या चळवळीतले, दांडग्या आवाजाचे. वामनरावांचे नाव कागदपत्रांत आले ते ‘जखमीस दवाखान्यात नेणारा इसम’ म्हणून, साक्षीदारांच्या यादीत. पुढच्या ध्वजवंदनाला गावाने शाळेच्या पटांगणात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

आता जाहीर नसलेला भाग. तो लतीफभाईंनी मला सहा वर्षांनी सांगितला. क्रमाने पाहिले तर पुढे यायला हवा, पण त्यावाचून मधले काही समजणार नाही, म्हणून इथेच देतो.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वामनरावांच्या धुऱ्यावर एसटीचा थांबा नव्हता, पण लतीफभाई तिथे रोज गाडी थांबवत. विड्याचे पान नाजूक, त्याच दिवशी बाजारात गेले पाहिजे. वामनराव टोपल्या घेऊन धुऱ्यावर उभे राहत आणि उजवा हात वर करत. लतीफभाई बरोबर हातापाशी गाडी उभी करत, टोपल्या वर चढत, गाडी पुढे जाई. असे नऊ वर्षे.

त्या दिवशी गर्दी त्यांना लांबूनच दिसली. अशा वेळी गाडी शंभर पावले अलीकडे उभी करायची, हे त्यांना पक्के माहीत होते. पायही ब्रेकवर गेला होता. एवढ्यात गर्दीच्या पुढे, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी तो हात वर झालेला दिसला.

“म्हटलं वामन हाय, टोपले हायेत, तठलोक जाऊ,” लतीफभाई म्हणाले. “पाय पेडलवर असला की डोस्क्याले इचारत नाही, भाऊ. हात दिसला की गाडी हातापाशी न्यायची. नेली. तवा दिसलं का हातात दगड हाय.”

हे त्यांनी पोलिसांना सांगितले नव्हते. घरी सांगितले नव्हते. वामनरावांनाही कधी विचारले नव्हते.

खटला अचलपूरच्या कोर्टात चालला. चालला म्हणजे तारखा पडत गेल्या. तारखेच्या दिवशी अकरा आरोपी आणि साक्षीदार वामनराव आपल्या गावाहून सकाळच्या बसमध्ये बसत. बस अंजनगावला आली की लतीफभाई चढत. ड्रायव्हरच्या मागचे पहिले बाक आरोपींनी त्यांच्यासाठी धरून ठेवलेले असे. सुरुवातीला हे भीतीपोटी होते. त्यांनी कोर्टात कोणाकडे बोट दाखवावे यावर अकरा घरांचे भवितव्य अवलंबून होते. पहिल्या दोन-तीन तारखांना गाडीत कोणी बोलले नाही. चौथ्या तारखेला लतीफभाईंनीच मागे वळून हजेरी घेतली.

“आरोपी क्रमांक एक?”

“आहे जी.”

“दोन? तीन? चार कुठी गेला?”

“आहे ना, लतीफभाई,” नारायणराव म्हणाले. “तंबाखू मळून राहिलो.”

“कोर्टात तंबाखू चालत नाही. आताच खाऊन घ्या. तठी तोंडात राहिली तं जजसायेब समजतीन, आरोपी घाबरला म्हणून बोलत नाही.”

तिथून पुढे दुपारचे जेवण कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली एकत्र होऊ लागले. आरोपींच्या वकिलांनी एकदा ते पाहिले आणि त्यांना घाम फुटला. “अहो, सरकारी साक्षीदार आणि आरोपी एका डब्यातून जेवता? कोर्टाने पाहिले तर काय म्हणेल?” लतीफभाईंनी डबा त्यांच्यापुढे सरकवला. “डबा सरकारी नाही, सायेब. घरचा हाय. घ्या.” वकील थोडा वेळ उभे राहिले, मग बसले.

लतीफभाईंना कोर्टातली एकच गोष्ट खटकत असे, ती म्हणजे पुकारा. कोर्टाचा शिपाई दारात येऊन पक्षकारांची नावे पुकारतो. त्याचा आवाज जिन्यापर्यंतही पोहोचत नसे. “असा पुकारा असते का? फलाट तरी सांग,” असे ते पुटपुटत. एका थंडीत शिपायाचा घसा बसला. लतीफभाई व्हरांड्यातून उठले आणि बसस्थानकाच्या सुरात म्हणाले, “आरोपी क्रमांक एक ते अकरा कोर्टाच्या दारात लागून राहिले आहेत. ज्यांच्या तारखा आहेत त्यांनी चपला बाहेर काढून आत जावं.” आवारातली माणसे उठून उभी राहिली. दुसऱ्या खटल्यातले दोन आरोपीही आत शिरले. न्यायाधीशांनी मान वर करून विचारले, हा आवाज कोणाचा? शिपायाने बसलेल्या घशाने सांगितले, “सरकारतर्फे साक्षीदार, साहेब.” पुढची तारीख पडली.

या सगळ्यात वामनराव असत, पण बाजूला. हजेरीच्या वेळी त्यांचा नंबर नसे. जेवताना ते पाणी आणून देत. कोणी नव्या माणसाला सांगे, “हेच ते, लतीफभाईंचा जीव वाचवणारे,” की ते उठून चपला शोधायला जात. मला ते विनयशील वाटले होते. ‘आदर्श शेतकरी’ अशा मथळ्याची एक चौकट मी त्यांच्यावर छापलीही होती. पुढे त्या चौकटीचा मला बराच त्रास झाला.

लतीफभाईंच्या घरी हे फार कठीण होई. ईदेला वामनराव पानांची टोपली घेऊन अंजनगावला जात. लतीफभाईंच्या पत्नी झुबेदाभाभी त्यांना सख्ख्या भावासारखे मानत. शीरखुर्म्याची वाटी हातात देत आणि दर वर्षी तेच म्हणत, “वामनभैया, तुम नहीं होते तो ये आज नहीं होते. और जिसने पत्थर मारा ना, खुदा करे उसका हाथ...”

“चाय लाव,” लतीफभाई मध्येच म्हणत.

“अभी तो शीरखुर्मा दिया.”

“तरी लाव.”

वामनरावांची वाटी तशीच राहायची. भाभींना वाटे, त्यांना गोड चालत नाही. तिसऱ्या ईदेपासून त्या त्यांच्यासाठी वेगळे तिखट करू लागल्या. त्याने वामनरावांचे जास्तच हाल झाले.

एक गोष्ट लतीफभाईंनी पहिल्याच वर्षी टिपली होती. त्या दिवसानंतर वामनरावांनी धुऱ्यावर कधी हात वर केला नाही. पानांच्या टोपल्या सायकलला बांधून ते दोन किलोमीटर मागे, गावच्या थांब्यावर येत आणि तिथून गाडी धरत. पावसाळ्यातही. नारायणराव त्यांना वेडा म्हणत. बसस्थानकात बसून लतीफभाई अकोटच्या ड्रायव्हरांना विचारत, “धुऱ्यावर कोणी उभं होतं का?” नाही म्हटले की मान हलवत. गुन्हा कोणाचा ते त्यांना काचेतून दिसले होते. तो बोचतो आहे, हे सायकलने कळले.

“मग तुम्ही त्यांना सरळ का नाही विचारले?” मी विचारले.

“इचारलं तर तो हो म्हणीन. माह्या इचारण्यानं आलेलं हो माह्या काय कामाचं? त्याचं त्यानं आणावं.” मग घोषणेतल्यापेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात ते म्हणाले, “डोळ्याचं मले तेवढं नाही. अल्लानं दोन देल्ले होते. स्टेरिंग गेलं ना, भाऊ. ते एकच होतं.”

स्वतःच्या नुकसानीबद्दल त्यांच्या तोंडून तक्रारीचे वाक्य मी हे एकच ऐकले. लगेच ते खिडकीकडे वळून कोणाला तरी ओरडले, “ओ दाजी, ती परतवाड्याची नाही, दर्यापूरची हाय! उतरा!”

सहाव्या वर्षी, साक्ष सुरू होण्याच्या बेतात असताना, सरकारने आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे ठरवले. या खटल्याचा अर्जही आला, मंजूर झाला. कोर्टात या कामाला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. आरोपी बाहेर आले, एकमेकांच्या गळ्यात पडले. नारायणरावांनी चौकातून पेढे आणले आणि पहिला लतीफभाईंना दिला. त्यांनी तो खाल्ला, चांगला आहे म्हणाले, दुपट्ट्याला हात पुसले आणि मग म्हणाले,

“डोळा माहा, अन् माफी सरकारची. मले कोणी इचारलंच नाही, नारायणराव.”

पेढे वाटणे थांबले. नारायणराव चळवळीतले माणूस, उत्तर देण्याची सवय असलेले. ते म्हणाले, “लतीफभाई, गर्दी होती. गर्दीनं झालं ते.”

“गर्दीले हात नसते. हात माणसाले असते,” लतीफभाई म्हणाले. बोलताना ते कोणाकडेही पाहत नव्हते. वामनराव चिंचेला टेकून उभे होते.

परतीच्या गाडीत नारायणरावांनी तोडगा काढला. पुढच्या रविवारी शेतात रोडग्यांचे जेवण. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. सोबत वांग्याची तिखट भाजी आणि वरण. वऱ्हाडात नवस फेडायचा, आनंद साजरा करायचा किंवा भांडण मिटवायचे तर हाच स्वयंपाक, आणि तो पुरुषांनी शेतात करायचा असतो. जेवण वामनरावांच्या शेतात, बाभळीखाली. लतीफभाईंनी यावेच.

“येतो,” लतीफभाई म्हणाले. “बसनं येतो. पण गावच्या स्टॉपवर उतरून दोन किलोमीटर पायी येणार नाही. धुऱ्यावर गाडी थांबली तं उतरीन. नाही थांबली तं सरळ अकोटले जाईन, सासुरवाडी हाय तठी माही. तिथंही जेवाले भेटते.”

सगळे हसले. वामनराव हसले नाहीत.

रविवारी मी त्यांच्यासोबत होतो. बातमी म्हणून नव्हे. त्यांनी बोलावले म्हणून. ते ड्रायव्हरमागच्या बाकावर बसले, पांढरा धुवट शर्ट, गॉगल, मांडीवर सळई. वरचा जाहीर नसलेला भाग त्यांनी मला गाडी लागेपर्यंत चौकशीच्या खिडकीत सांगायला सुरुवात केली होती, तो या प्रवासात पुरा केला. ड्रायव्हर गजानन, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला फक्त एवढेच सांगितले होते की गावच्या थांब्यानंतर उस्ताद सांगेपर्यंत गाडी थांबवायची नाही.

गावचा थांबा आला. कंडक्टरने घंटी मारली. लोक उतरले. लतीफभाई हलले नाहीत.

“चाचा, तुमचं गाव आलं.”

“माहं पुढं हाय.”

“पुढं स्टॉप नाही जी.”

“मार घंटी.”

वळण घेतल्यावर बाभूळ दिसली, तिच्यामागे गोवऱ्यांचा धूर. धुऱ्यावर अकराही जण ओळीने उभे होते आणि सगळ्यांचे हात वर होते. नारायणरावांचे तर दोन्ही. गजाननने गाडी हळू केली.

“चालू दे, गजानन.”

“उस्ताद, अकरा जण हात दाखवून राहिले!”

“मोजले मी. चालू दे.”

“अकोटले खरंच जाता का?”

“तिकीट अकोटचंच काढलं.”

ते खरे होते. तिकीट मीच पाहिले होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अकरा जणांच्या समोरून गेली. नारायणराव गाडीबरोबर धावू लागले, पत्र्यावर थापा मारत, “लतीफभाई, उतरा ना बापा! भाजी लागून राहिली तिकडं!” लतीफभाई समोर पाहत होते. त्यांचा उजवा पाय खाली नुसत्या पत्र्यावर दाबलेला होता.

वामनराव निखाऱ्यांपाशी होते. रोडगे परतत होते, हात कोपरापर्यंत राखेने भरलेले. त्यांनी मान वर केली, गाडी पुढे चाललेली पाहिली आणि उठले. ते शेतातून तिरपे धावले. एक चप्पल ढेकळांत राहिली. गाडीच्या थोडे पुढे ते रस्त्यावर आले, उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

गजाननने ब्रेक मारला. लतीफभाई काही बोलले नव्हते. मागाहून गजानन म्हणाला, “मले सांगा लागलं नाही. तसा हात दिसला की गाडी थांबतेच.”

लतीफभाई उतरले. आधी त्यांनी पुढचा टायर सळईने ठोकला आणि ऐकला. मग वामनरावांसमोर जाऊन उभे राहिले. हात अजून वरच होता.

“आता खाली घे. गाडी थांबली.”

वामनरावांनी हात खाली घेतला. “लतीफभाई,” ते म्हणाले, “त्या दिवशीचा हात माहा होता.”

“बरं.”

“दगड पण माहाच. सारे फेकून राहिले होते. मी गाडीले मारला होता. तुमाले नाही.”

“एवढं सांगाले सहा वर्षं लागले तुले?”

“तुमाले माहीत होतं?”

“तुहा हात पाहूनच तं गाडी तठलोक आणली होती, लेका.”

वामनराव रस्त्यावरच बसले. राखेचे हात तोंडावर घेतले, त्यामुळे नंतर दिवसभर त्यांचा चेहरा एखाद्या गोसाव्यासारखा दिसत होता. गाडीतले प्रवासी खिडक्यांतून पाहत होते. कंडक्टरने दारातून विचारले, “चाचा, सोडू का?” लतीफभाईंनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोन म्हणजे जाऊ दे.

नारायणराव धापा टाकत पोहोचले होते आणि त्यांनी ऐकले होते. सहा वर्षे ते भावाच्या वाटचे कोर्टात उभे होते. ते म्हणाले, “अन् आमी त्याचा सत्कार केला! ती शाल वापस घ्या लागते आता.”

“राहू दे शाल,” लतीफभाई म्हणाले. “उचलून नेलं ते पण त्यानंच. दोन्ही कामं एकाच माणसानं केले. सत्कार एकाचाच झाला, एवढंच.”

जेवण झाले. वामनराव उठून धावले त्या वेळात एका बाजूचे रोडगे करपले होते. लतीफभाईंनी करपलेलाच मागून घेतला, फोडून तुपात बुडवला आणि अकरा जणांसमोर जाहीर केले की आरोपींच्या हातची भाजी साक्षीदाराच्या हातच्या रोडग्यांपेक्षा बरी आहे. हळूहळू लोक बोलू लागले. संध्याकाळपर्यंत नारायणराव आणि वामनराव एका ताटात नाही, पण एका सतरंजीवर बसले होते.

निघताना लतीफभाईंनी वामनरावांना सांगितले, “माह्याकडून मिटलं. पण घरी चालशील. तठी माहं चालत नाही.”

त्या घरातल्या भेटीचा मी साक्षीदार नाही, त्यामुळे तपशील देत नाही. एवढे माहीत आहे की झुबेदाभाभींनी त्या दिवशी चहा दिला नाही. पुढच्या दोन ईदांना पानांची टोपली दारातूनच परत गेली. लतीफभाईंनी एकदाही रदबदली केली नाही. “डोळा माहा होता, पण सहा महिने पट्टी तिनं बदलली. तिची तारीख अजून पडून राहिली,” असे ते म्हणत. तिसऱ्या ईदेला टोपली आत गेली. शीरखुर्मा मिळाला, तिखट नाही. वामनरावांनी वाटी रिकामी केली, असे लतीफभाईंनी मला खास फोन करून कळवले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटची घोषणा केली ती नियमाप्रमाणे होती: गाडी, मार्ग, फलाट. लोक आणखी ऐकायला थांबले. माईक बंद झाला होता.

त्यानंतर काही वर्षांनी मी अकोटला चाललो होतो. गाडी नवी होती, ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघेही ओळखीचे नव्हते. बाभळीजवळ दोन म्हातारे टोपल्या घेऊन उभे होते. एकाच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता. दुसऱ्याने उजवा हात वर केला होता. गाडी थांबली. कंडक्टर दारात येऊन कुरकुरला, “इथं स्टॉप नाही, आजोबा.”

“मंग थांबले काहून?” गॉगलवाल्याने विचारले.

कंडक्टरने खाली वाकून टोपल्या वर घेतल्या. टोपलीवाला मागोमाग चढला, गॉगलवाला खालीच राहिला. मी खिडकीतून हाक मारायला तोंड उघडले, पण ते कामात होते. त्यांनी मागचा डावा टायर सळईने ठोकला, मान तिरपी करून ऐकला. मग पत्र्यावर दोन थापा पडल्या.